तिबेटी तरुणांचे अनुदान आणि आपल्या हिशेबातला रिकामा रकाना

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशांना दिली जाणारी मदत नव्वद दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला. त्या आदेशाचा फटका जगभर बसला. त्यात भारतात राहणाऱ्या तिबेटी निर्वासितांसाठी चालणारे आरोग्य, शिक्षण आणि उद्योजकतेचे कार्यक्रमही होते. पुढे काही निधी पुन्हा सुरू झाला, पण तोवर एका छोट्या समाजाला दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या. बाहेरच्या मदतीने बरेच काही उभे राहते, हे त्यांना आधीपासून माहीत होते. ती मदत एका सहीने थांबू शकते, हे आता अनुभवाला आले.

मी मूळचा पुणतांब्याचा. इंजिनिअरिंग करून गेली काही वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. तिबेटी लोकांच्या अनुदानाशी आपला काय संबंध, असे तुम्ही विचाराल. माझे म्हणणे असे आहे की आपल्या समाजातल्या तरुण धंदेवाइकांबद्दल आपण जो विचार करायला हवा आणि करत नाही, तो तिबेटी लोकांनी केला आहे. त्यांच्याकडून काय घ्यायचे आणि काय टाळायचे, दोन्ही शिकण्यासारखे आहे.

आधी ते अनुदान काय आहे ते पाहू. अमेरिकेने १९९६ मध्ये केलेल्या एका कायद्यात तिबेटी लोकांबरोबर शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीची तरतूद आहे. त्यातून चालणाऱ्या एका कार्यक्रमाला न्गवांग छोफेल यांचे नाव दिले आहे. हे तिबेटी संगीताचे अभ्यासक. लोकसंगीताचे चित्रीकरण करायला तिबेटात गेले, तिथे १९९५ मध्ये चीनने त्यांना अटक केली आणि २००२ मध्ये सोडले. त्यांच्या नावाच्या या कार्यक्रमात भाषा आणि संस्कृतीचे जतन, पर्यावरण, व्यवसाय प्रशिक्षण, उद्योजकता असे विषय येतात. पैसा थेट कुणाच्या हातात पडत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आणि ना-नफा संस्थांनी खुल्या स्पर्धेत अर्ज करायचा. कुणाला निवडणार, कुठे नेणार, काय शिकवणार, परत गेल्यावर तो माणूस काय करणार, खर्च किती, हे सगळे लिहून द्यायचे. भारत आणि नेपाळमधल्या तिबेटी तरुणांसाठी अमेरिकेत उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती वेगळी आहे. ती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. १९८१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्थापन झालेला तिबेट फंड अशा कामांत मध्यस्थ म्हणून उभा असतो. धरमशाळेच्या केंद्रीय तिबेटी प्रशासनानेही अमेरिकी मदतीच्या आधारे तरुण उद्योजकांसाठी प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि भांडवलाची सोय उभी केली.

आता या समाजाचा आकार बघा. त्यांच्याच २००९ च्या पाहणीनुसार भारतातले तिबेटी ९४,२०३ होते. म्हणजे एक लाखसुद्धा नाहीत. आपल्या एकेका शहरात याहून जास्त मुसलमान राहतात.

महाराष्ट्रातही ते आहेत. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडजवळ नॉर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत आहे, १९७२ मध्ये वसवलेली. शेती करतात, पण शेतीवर भागत नाही. म्हणून देशभरच्या वसाहतींतले तिबेटी हिवाळ्यात शहराशहरांत स्वेटरचे बाजार लावतात. आपल्यापैकी किती जणांच्या घरात त्या बाजारातला स्वेटर आहे, आठवून बघा. तो स्वेटर तिबेटात विणलेला नसतो, बहुतेक वेळा लुधियानाचा असतो. लुधियानाचे घाऊक व्यापारी त्यांना माल उधारीवर देतात आणि हंगाम संपला की हिशेब होतो. कारखानदार आणि फेरीवाला यांच्यात मोठे भांडवल नाही, बँक नाही, तारण नाही. पिढ्यानपिढ्या पाळलेला शब्द आहे आणि विक्रेत्यांच्या संघटना आहेत. २०१४ मध्ये केंद्र सरकारने तिबेटी पुनर्वसन धोरण आणले आणि व्यवसाय परवान्यांसारख्या गोष्टी मिळण्याचा रस्ता त्यांच्यासाठी कागदावर तरी मोकळा झाला. भारत सरकारही त्यांच्या मदत समितीला २०१५-१६ पासून पाच वर्षांसाठी ४० कोटी रुपयांचे सहाय्य देत आले आणि ती योजना पुढे वाढवली गेली.

पण वर्षातले तीन-चार महिने स्वेटर विकून नव्या पिढीचे भागत नाही, हे त्यांना दिसत होते. थंडी कमी पडली की हंगाम गेला. लोक मोबाइलवरून जॅकेट मागवतात. म्हणून ‘आईबापांच्या धंद्यातून पुढे काय’ हा प्रश्न त्यांनी समाज म्हणून घेतला. तरुणांना बाहेर पाठवणे, दुसऱ्यांचा धंदा दाखवणे आणि परत आल्यावर हात देणे या गोष्टींना त्यांनी शिक्षणाइतकेच महत्त्व दिले. माझ्या मते शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

इथे एक आक्षेप येणार. अमेरिकेने तिबेटींवर पैसा खर्च केला तो काही प्रेमापोटी नाही, चीनशी राजकारण आहे म्हणून. हे खरेच आहे, त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. पण पैशामागे हेतू असतो म्हणून पैसा निकामी ठरत नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या शिष्यवृत्तीलाही अट होती: परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी. बडोद्यात त्यांना राहायला घर मिळाले नाही, जातीमुळे नोकरी सोडून जावे लागले, तो इतिहास आपल्याला माहीत आहे. संस्थानाला एक अधिकारी हवा होता. देशाला काय मिळाले, ते सांगायची गरज नाही. तेव्हा देणाऱ्याचा हेतू एवढ्यावर थांबून चालत नाही. अटी काय आहेत, नाही म्हणता येते का, आणि पैसा बंद झाला तर मागे काय उरते, हे तीन प्रश्न विचारायला हवेत. तिबेटी उदाहरणात तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०२५ मध्ये दुबळे निघाले. उधारीवर चालणारा स्वेटरचा बाजार मात्र कुणाच्या आदेशाने बंद पडला नाही, कारण तो त्यांच्या स्वतःच्या पतीवर उभा होता.

आता आपल्याकडे वळू. आपल्यासाठी ज्या मोठ्या योजना होत्या त्या गेल्या काही वर्षांत एकेक करून मिटल्या. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी ‘पढो परदेश’ २०२२-२३ पासून बंद झाली. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप त्याच वर्षापासून थांबली. २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन बंद करण्याचा आदेश निघाला. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० पासून कर्ज देते आणि बार्टी, सारथीच्या धर्तीवर ‘मार्टी’ या संस्थेला ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. बंद झालेल्या योजनांसाठी भांडले पाहिजे, मार्टीला पुरेसा निधी आणि माणसे मिळावीत म्हणून पाठपुरावा केला पाहिजे. तो आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

पण या योजना नीट पाहिल्या तर लक्षात येते की बहुतेक एक तर पदवीच्या वाटेवरच्या मुलासाठी आहेत, नाही तर कर्ज मागणाऱ्यासाठी. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले होते की मुसलमान कामगारांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत, हिंदूंमध्ये हे प्रमाण ५५ टक्के होते. म्हणजे आपला समाज मुळातच धंदा करणाऱ्यांचा आहे. बागवान फळे विकतो, आतार अत्तर, मणियार बांगड्या, तांबोळी पान, पिंजारी गाद्या करतो, शिकलगार धार लावतो. आडनावातच दुकान आहे! आणि तरीही या दुकानदारांच्या मुलाने दुसऱ्या गावातले आपल्यासारखेच पण चार पावले पुढे गेलेले दुकान जाऊन बघावे, यासाठी ना सरकारकडे फारशी सोय आहे, ना आपल्याकडे.

शेतकऱ्यांकडे ती आहे. राज्याच्या कृषी खात्याची परदेश अभ्यास दौऱ्यांची योजना बरीच वर्षे आहे. निम्मा खर्च सरकारचा, त्याला कमाल मर्यादा १ लाख रुपये अशी तिची रचना राहिली आहे. ‘अभ्यास दौरा’ हा शब्द आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत आहे. इंग्रजीत ज्याला एक्स्चेंज प्रोग्राम म्हणतात, तो हाच. दौऱ्यांवर सहली म्हणून टीका होते, काही वेळा ती खरीही असते. पण ठिबक बघून आलेला माणूस शेतात ठिबक लावतो, हेही आपण पाहिले आहे.

पुणतांब्याचे नाव महाराष्ट्राला २०१७ मध्ये कळले. १ जूनला सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक इथून गेली. दूध, भाजीपाला शहरात पाठवायचा नाही, असे ठरले आणि राज्य हलले. चांगदेवांच्या समाधीचे, गोदाकाठचे हे गाव भावाचा प्रश्न विचारायला कुणाची वाट बघत बसले नाही, याचा मला अभिमान आहे. पण भावाचा प्रश्न शेताच्या बांधावर संपत नाही. माल तोडल्यानंतर त्याची प्रतवारी, साठवण, पॅकिंग, वाहतूक, विक्री, या मधल्या पट्ट्यात किती नासते आणि किती टिकते, यावरही शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा दोघांचा भाव ठरतो. आणि या मधल्या पट्ट्यात आपली कितीतरी माणसे आहेत: बागवान, टेम्पोवाले, हमाल, क्रेट दुरुस्त करणारे, हातगाडीवाले.

माझा चुलत भाऊ त्यातलाच. राहात्याच्या बाजूचे पेरू, डाळिंब घेतो आणि शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूरला पोचवतो. पहाटे चारला उठतो. क्रेटच्या तळाशी वर्तमानपत्र घालून माल भरतो, जसा त्याचे वडील भरत होते. नाशिक जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. तिथे फळांची प्रतवारी, शीतसाखळी आणि पॅकिंग मोठ्या प्रमाणावर चालते. आमच्या गावाहून तिथे एका दिवसात जाऊन येता येईल. तो कधी गेला नाही. मी विचारले तर म्हणाला, ‘‘भाई, एक दिवस गाडी बंद ठेवली तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार? आणि गेटवर विचारले, तू कोण, तर काय सांगू?’’

या दोन वाक्यांत सगळा प्रश्न आला. त्याला ज्ञान नको आहे असे नाही. त्याचा बुडालेला रोज कुणी भरून देत नाही आणि त्याच्या नावाचे पत्र कुणी लिहीत नाही. माझ्या बाबतीत या दोन्ही गोष्टी माझी कंपनी करते. मला एकदा सहा आठवडे जर्मनीला पाठवले होते. तिथे चाचणी करणारी एक नवखी मुलगी मोठ्या साहेबांना ‘हे आज बाहेर जाणार नाही’ असे शांतपणे सांगताना आणि साहेब ते मान्य करताना मी पाहिले. कोणत्याही ऑनलाइन कोर्सने मला ते शिकवले नसते. त्या सहा आठवड्यांत पगार चालू होता, तिकीट, राहणे, विमा सगळे कंपनीचे. पदवी घेतलेल्या भावाला जग बघायला पैसे मिळतात आणि पहाटे चारला उठणाऱ्या भावाला शेजारचा जिल्हा बघायला मिळत नाहीत. हा फरक अक्कलहुशारीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

आता आपल्या जमातीच्या हिशेबाची वही डोळ्यांसमोर आणा. इमामसाहेबांचा पगार, वीजबिल, दुरुस्ती, कफन-दफन, आजारपणाची मदत, रमजानमधले किट, मुलांची फी आणि वह्या. सगळे रकाने गरजेचे आहेत, एकही कमी करा असे मी म्हणणार नाही. पण हाताने काम करणाऱ्या तरुणाला चांगले काम दाखवून आणण्याचा रकाना मी तरी कुठे पाहिलेला नाही.

तो सुरू करायला किती लागेल? एका तालुक्यातून सहा जण, आठ दिवस. रेल्वे आणि बसभाडे, साधे राहणे, जेवण आणि बुडालेला रोज, असे माणशी १५ हजार धरले तरी ९० हजार रुपये होतात. आपल्याकडच्या एका मध्यम वलीम्याच्या जेवणाचे बिल याहून मोठे असते. बाहेरच्या देशातून पैसे आणण्याच्या मागे लागू नये, असे मला वाटते. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले. आता परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या संस्थेने घेऊन आमच्या गावातल्या छोट्या मंडळाला देणे शक्य नाही. आणि तिबेटींचा २०२५ चा अनुभव समोर आहेच. आपले थोडे पैसे दुसऱ्याच्या पुष्कळ पैशांपेक्षा जास्त दिवस चालतात.

जकातीतून हे करावे का, असा प्रश्न येईल. जकातीचे हकदार ठरलेले आहेत आणि त्यावर आलिमांची मते आहेत. वाद ओढवून घेण्यापेक्षा हा निधी वेगळ्या देणगीतून करावा आणि त्याची पावती वेगळी फाडावी. नोकरदारांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तरी चाळीस जणांत वर्षाला ९६ हजार होतात. पुण्यात आणि मुंबईत आमच्या भागातले चाळीस नोकरदार सहज सापडतील.

कुठे पाठवायचे? फळवाल्यांना मोहाडीला. वेल्डिंग, लेथवाल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये. बेकरीवाल्यांना म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत, तिथे छोटे अभ्यासक्रम असतात. शिवणकाम, खाकरा, लोणची करणाऱ्या बहिणींना सातारा जिल्ह्यात म्हसवडला. तिथे १९९७ पासून माणदेशी महिला बँक आहे आणि ग्रामीण बायकांना धंद्याचे शिक्षण देण्याचे काम चालते. कापडवाल्यांना लुधियानाला, तिबेटी विक्रेत्यांना उधारी का मिळते आणि ती कशी फिटते, हे तिथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकायला. या संस्था आपली वाट बघत नाहीत. पत्र लिहावे लागेल, फोन करावे लागतील, दोनदा नकार येईल. हे काम आपल्यासारख्या शिकलेल्यांनी करायचे आहे. त्याला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

अमेरिकी अनुदानातली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी: अर्ज, निकष आणि हिशेब. जाहिरात मशिदीच्या फळ्यावर लागावी आणि मोबाइलवरही फिरावी. निवड करणाऱ्या पाच जणांत किमान दोन बायका आणि एक गावाबाहेरचा माणूस असावा. विश्वस्तांच्या भाच्या-पुतण्यांचा अर्ज आला तर त्या विश्वस्ताने बैठकीतून उठावे. सहापैकी दोन जागा मुलींच्या. एक जागा गावातल्या दुसऱ्या समाजाच्या गरजू तरुणाला द्यावी, कारण बाजारात आपण सगळे एकाच पट्टीवर बसतो. परत आल्यावर प्रत्येकाने गावात उभे राहून मराठीत सांगावे: मी काय पाहिले, त्यातले काय माझ्या दुकानात जमेल, काय जमणार नाही. जमेल त्यासाठी छोटी बिनव्याजी रक्कम मिळावी आणि ती फिटली की पुढच्याला जावी. वर्षभराने बघायचे ते फोटो किती आले हे नाही. किती दुकानांत एक तरी पद्धत बदलली, ते बघायचे.

‘‘पोट आधी, फिरणे नंतर’’ असे वडीलधारे म्हणतील. त्यांना आदबीने सांगावे लागेल की हे फिरणे पोटासाठीच आहे. ‘‘गेलेला परत येणार नाही’’ अशीही भीती असते. मुलगा आठ दिवसांसाठी गेला तर परत येतो. कायमचा जातो तो गावात पुढे काही दिसत नाही म्हणून. आणि मुलींना पाठवायचे कसे, याचे उत्तर दोघी-तिघींना एकत्र पाठवणे आणि घरच्या एका बाईचा खर्चही अंदाजपत्रकात धरणे हे आहे. अडचण खर्चाची असेल तर ती खर्चाने सुटते. अडचण दुसरी असेल तर ती निदान उघडपणे बोलली जाईल.

हे सगळे एकदम मोठे करू नये. आमच्या कामात नवीन गोष्ट आधी थोड्या लोकांवर चालवून बघतात, चुका दिसतात, मग वाढवतात. एक तालुका, सहा माणसे, एक वर्ष. फसले तर ९० हजार गेले आणि काय फसले ते कळले. जमले तर शेजारच्या तालुक्याला वही दाखवता येईल.

तुमच्या जमातीची किंवा मंडळाची वार्षिक हिशेबाची बैठक असेल तेव्हा जा. मागच्या रांगेत बसू नका. वही मागा, शेवटच्या रकान्याच्या पुढे एक रेघ ओढा आणि वर ‘अभ्यास दौरा’ असे लिहायला सांगा. पहिल्या वर्षी त्याखाली पाच हजारच आले तरी चालतील. त्यात माझा चुलत भाऊ मोहाडीला जाऊन येईल.